शिशाच्या मागचे दोन डबे

“मागे म्हणजे कुठे मागे?” बाईंनी विचारलं.

“शिशाच्या मागं. बीम जिकडून येतो त्या बाजूला.”

“तिथे काय मोजणार आहेस? डास?”

मी हातातला पाना उगाचच फिरवत उभी राहिले. आमच्या दोघींच्या मध्ये स्टँडवर शिशाचा पातळ पत्रा बसवला होता आणि त्याच्या पुढच्या बाजूला अर्धवर्तुळात न्यूट्रॉन मोजणारे डबे मांडले होते. त्यांचं खरं नाव डिटेक्टर. पण दिसायला ते हुबेहूब तुपाच्या डब्यांसारखे होते, म्हणून आम्ही त्यांना डबेच म्हणायचो.

“बाई, दोनच नेते मागं. बाकीचे पुढं आहेतच की.”

“वर्षभर अर्जविनंत्या केल्या तेव्हा हा आठवडाभराचा बीम मिळाला आहे, द्वारका. आणि त्यातले दोन डबे तू भिंतीकडे तोंड करून बसवणार?”

“हो.”

तो ‘हो’ माझ्या तोंडून कसा निघाला ते मला आजही सांगता यायचं नाही. सत्याऐंशी सालची ही गोष्ट. मी द्वारका खरात, अंबाजोगाईहून पुण्याला येऊन पीएच.डी. करणारी, आणि बाई म्हणजे माझ्या गाइड, डॉ. कमलिनी देवस्थळी. अख्ख्या विभागात बाईंशी वाद घालायची छाती कुणाची नव्हती. कुठल्याही चर्चेत कुणीतरी “पण बाई तर असं म्हणाल्या” असं म्हटलं की चर्चा तिथंच संपायची. आणि मी तर वर्गात प्रश्न विचारायलाही उठायची नाही.

बाई पदर खोचत म्हणाल्या, “ठेव. प्रबंध तुझा आहे. पण दोनच हं. तिसऱ्याला हात लावलास तर बघ.”

बीमचं यंत्र कोलकात्याला होतं. ते सांभाळणारा इंजिनिअर परिमल घोष दाराशी उभा राहून हे सगळं ऐकत होता. आमच्या सहवासात तो मराठीतले दोनच शब्द शिकला होता. त्यानं हात हलवून ते वापरले. “लवकर लवकर!” आम्ही बाहेर पडलो, काँक्रीटचा जाडजूड दरवाजा बंद झाला आणि बीम, म्हणजे हेलियमच्या वेगवान कणांचा झोत, सुरू झाला.

मी कशासाठी एवढी हटून बसले होते ते सांगायला हवं. माझे आबा गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. सुट्टीत घरी गेले की ते मला ओट्यावर बसवून विचारायचे, “तू नेमकं काय करतीस, एकदा नीट सांग बरं.” त्यांना मी लेझमाच्या मेळ्याचं उदाहरण द्यायची. अणूच्या गाभ्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दाटीवाटीनं बसलेले असतात. एरवी ज्याची त्याची हालचाल वेगळी. पण बाहेरून हेलियमचा वेगवान कण येऊन नेमका हिसका देऊन गेला, की सगळेच्या सगळे एका तालात हलायला लागतात. सगळा गाभा फुगतो, आकसतो, पुन्हा फुगतो, लेझमाच्या मेळ्यासारखा. याला महाअनुनाद म्हणतात. हा ताल फार टिकत नाही. कुणीतरी एक न्यूट्रॉन मेळ्यातून बाहेर पडतो आणि खेळ संपतो.

“मग त्यात शोधायचं काय?” आबा विचारायचे.

शोधायचं हे, की तो बाहेर पडला कसा? ताल चालू असतानाच आपल्या जागेवरून सुसाट निघाला, की आधी ताल मोडला, सगळ्यांची धक्काबुक्की झाली आणि मग कडेचा एखादा दमलाभागला गडी हळूच सटकला? पहिला थेट निघालेला. त्याच्या वेगावरून तो मेळ्यात कुठं उभा होता ते ओळखता येतं, म्हणजे त्या नाचाची आतली रचना कळते. दुसऱ्याकडून काहीच कळत नाही. तो सगळ्यांसारखाच दमलेला असतो.

दहा-बारा वर्षांपूर्वी बाईंनी वेगवान न्यूट्रॉनांचा एक ठसठशीत उंचवटा आलेखावर दाखवला होता आणि शिशामधून थेट निघणारे न्यूट्रॉन भरपूर आहेत असा दावा केला होता. त्या उंचवट्यानं त्यांचं नाव झालं. पाठ्यपुस्तकात तो आलेख छापून आला. मुंबईचे डॉ. वसंत केंकरे मात्र पहिल्यापासून म्हणत आले होते, की हे थेट-बिट सगळं शून्य आहे. त्या दोघांची दरवर्षीच्या परिसंवादात जुंपायची. लोक आपापल्या खुर्च्या पुढं ओढून ऐकायचे.

आणि माझ्या डोक्यात एक वेगळीच शंका शिरली होती. समजा, मेळ्याशेजारून धावत जाणाऱ्या माणसानं जाताजाता एकाचा हात धरला, त्याला ओढत दोन पावलं नेलं आणि सोडून दिलं. लांबून बघणाऱ्याला वाटणार, हा गडी नाचता नाचता थेट बाहेर आला. हेलियमचा कण असाच शिशातला एखादा न्यूट्रॉन उचलून पुढं सांडत असेल तर? असा सांडलेला न्यूट्रॉन वेगवानच असणार, पण तो हेलियमच्या बरोबरीनं पुढच्याच बाजूला जाणार. शिशानं स्वतः टाकलेला न्यूट्रॉन मात्र पुढं जितका जाईल तितकाच मागंही. बाईंचे सगळे डबे नेहमी पुढं असत. मागं कुणी बघितलंच नव्हतं.

हे मी बाईंना सरळ सांगितलं नव्हतं. “मागची बाजूही बघू” एवढंच म्हटलं होतं.

बीम सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मी पडद्यावर दोन आलेख एकाशेजारी एक लावले. पुढच्या डब्यांत बाईंचा उंचवटा ऐटीत उभा होता. मागच्या दोन डब्यांत हळू न्यूट्रॉन होते, दमलेभागलेले, हवे तेवढे. उंचवटा नव्हता. त्या जागी सपाट मैदान.

माझी भूकच पळाली. परिमलनं मुडीचा, म्हणजे कुरमुऱ्यांचा, पुडा पुढं केला. गावाकडून आणलेला माझा मिरचीचा ठेचा तो मुडीत कालवून खायचा आणि डोळ्यांत पाणी आलं तरी थांबायचा नाही.

“क्या हुआ? खाती क्यों नहीं?”

“कुछ नहीं,” मी म्हणाले.

आठवडा संपला की तिथंच, कोलकात्यात, परिसंवाद होता. बाई पुढच्या वर्षी निवृत्त होणार म्हणून मुख्य व्याख्यान त्यांना दिलेलं होतं. विषय अर्थातच तो उंचवटा. देशभरातले लोक येणार होते. आणि इकडं मी त्यांची विद्यार्थिनी, प्रबंध अजून सहीविना पडलेला, त्यांनीच मिळवलेल्या बीमवर त्यांचाच उंचवटा गायब करून बसलेले. व्याख्यान होईपर्यंत गप्प बसावं असं एकदा मनात आलं. मग डोळ्यांसमोर ते चित्र आलं: बाई व्यासपीठावरून ते सगळं सांगताहेत आणि समोर बसलेल्या मला ठाऊक आहे की ते तसं नाही. छे! ते काही मला झेपलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेस्ट हाउसच्या व्हरांड्यात गेले. बाई उन्हात बसून व्याख्यानाचे प्लॅस्टिकचे कागद रंगवत होत्या. तेव्हा प्रोजेक्टरवर ठेवायला असे पारदर्शक कागद असायचे, त्यावर रंगीत पेनांनी हातानं आलेख काढायचे. शेजारी बशीत सोललेलं संत्रं.

“ये. बरी आलीस,” बाई म्हणाल्या. “हा उंचवटा लाल करू की हिरवा?”

“बाई, तो काढूच नका.”

त्यांनी पेन खाली ठेवलं नाही. तसंच हवेत धरून म्हणाल्या, “का?”

मी सांगितलं. आधी अडखळत, मग एका दमात. हेलियमनं उचललेला न्यूट्रॉन, पुढं सांडणं, मागचं सपाट मैदान, सगळं. बाईंच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. त्यांनी प्रश्न सुरू केले.

“मागच्या डब्यांची तार बघितलीस?”

“बघितली.”

“वेगवान न्यूट्रॉन त्यांना दिसतात हे कशावरून?”

“बसवायच्या आधी दोन्ही तपासून घेतले होते.”

“कुणी?”

“मीच.”

“भिंतीवरून उलटून येणारे?”

“वजा केले.”

“नीट?”

“नीट.”

बाई उठल्या. “रिक्षा बोलाव,” म्हणाल्या, आणि आत जाऊन चपला घालून आल्या. वाटेत मला वाटलं, संपलं आपलं. आता अंबाजोगाईच्या शाळेत नववीला पदार्थविज्ञान.

बीम बंद करवून बाई आत शिरल्या. नऊवारी नेसायच्या वयाच्या बाई, पण पाचवारीचा पदर कासोटा मारल्यासारखा कमरेला गुंडाळून जमिनीवर गुडघे टेकून बसल्या आणि मागच्या डब्यांची एकेक तार हातानं चाचपून बघितली. काही सापडलं नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “हे दोन पुढे आण. आणि पुढचे दोन त्यांच्या जागी ने.”

साधीच गोष्ट, पण मला सुचली नव्हती. दोष डब्यांत असेल तर डब्यांबरोबर जागा बदलेल.

बीम पुन्हा सुरू झाला. बाई पडद्यासमोर स्टूल घेऊन बसल्या, मी मागं उभी. तास-दोन तास आकडे साचत गेले. मागून पुढं आणलेल्या डब्यांत हळूहळू उंचवटा वर यायला लागला. पुढून मागं नेलेल्या डब्यांत सपाट. डबा कुठलाही असो, उंचवटा पुढंच.

बाईंचे खांदे हलायला लागले. एवढी करारी बाई माझ्यामुळं रडतेय, आता काय करावं? मी पुढं होऊन वाकून बघितलं, तर बाई हसत होत्या. तोंडावर पदर धरून, आवाज दाबून हसत होत्या, आणि मग तो दाबताही येईना.

“द्वारके,” त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत मी कधी द्वारके नव्हते. “अगं, गेला की गं माझा उंचवटा!”

मला वाटलं, धक्क्यानं असं होत असावं. मी पाण्याचा पेला आणला. त्यांनी तो घटाघटा पिऊन टाकला आणि उठून उभ्या राहिल्या. “आता बघत काय उभी राहिलीस? सगळे डबे मागे घे. पुढचे दोन सोडून सगळे.”

“सगळे?”

“मग? दोन डब्यांत कितीसं साचणार? खरे थेट न्यूट्रॉन थोडे असतील तर ते तुझ्या त्या मैदानात बुडाले असतील. मोजायचंय ना? मग पोटभर मोज.” मग दाराकडे वळून त्या ओरडल्या, “परिमल! लवकर लवकर!”

पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. खांदे दुखेपर्यंत डबे हलवले. दर दोन-चार तासांनी पडद्यावर बघायचं, खोडायचं, पुन्हा मोजायचं. बाई माझ्या प्रत्येक आकड्यावर आक्षेप घ्यायच्या, आणि गंमत म्हणजे आता मीही त्यांच्या प्रत्येक आक्षेपावर आक्षेप घ्यायला लागले होते. परिमल आम्हां दोघींची भांडणं मॅच बघितल्यासारखी बघायचा. काय चाललंय ते त्याला कळायचं नाही, पण कोण जिंकतंय ते बरोबर कळायचं.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी सकाळी आंघोळ करून, ओल्या केसांनीच मी मोजणीच्या खोलीत आले. सगळ्या मागच्या डब्यांची बेरीज करून आलेख काढायला सांगितला. पडद्यावर रेघ उमटत गेली. हळू न्यूट्रॉनांचा डोंगर, मग उतार, मग मैदान... आणि मैदानात एक टेकाड. छोटंसं, पण टेकाडच. नेमकं बाईंच्या उंचवट्याच्या जागी.

मी किंचाळले असणार. कारण बाई हातात चहाचा कप घेऊन धावत आल्या आणि अर्धा चहा साडीवर सांडला.

“किती?” त्यांनी विचारलं.

“तुमच्याचा तिसरा हिस्सा. थोडं कमीजास्त.”

“पुढच्या दोन डब्यांत सांडलेले वजा केलेस तर?”

मी केलं. “तेवढाच उरतो. पुढं-मागं सारखा.”

बाईंनी कप खाली ठेवला आणि माझ्या ओल्या डोक्यावर जोरात एक टपली मारली. माझ्या आईनंसुद्धा मला कधी इतक्या प्रेमानं मारलं नव्हतं.

परिसंवादाचं सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत डॉ. केंकरे बसले होते. उंच, सडपातळ, जाड भिंगांचा चष्मा, हाताची घडी घालून भांडणाच्या तयारीत. बाई व्यासपीठावर गेल्या आणि त्यांनी पहिलाच कागद प्रोजेक्टरवर ठेवला. तो जुनाच कागद होता. उंचवटा त्यांनी शेवटी लाल केला होता, अगदी ठळक.

“हा आलेख तुम्ही सगळ्यांनी बघितलेला आहे,” बाई म्हणाल्या. त्या इंग्रजीत बोलत होत्या, पण मला आठवतं ते सगळं मराठीतच. “डॉ. केंकरेंना तर तो स्वप्नातही दिसत असेल.”

सभागृहात हशा झाला. बाईंनी टेबलावरच्या पाण्याच्या पेल्यात रुमालाचं टोक बुडवलं आणि शांतपणे, सगळ्यांसमोर, तो लाल उंचवटा वरून पुसत आणला. पडद्यावर त्यांचा हात भलामोठा दिसत होता. पुसत पुसत खाली तिसरा हिस्सा उरला तिथं त्या थांबल्या.

“एवढंच खरं आहे. वरचं माझं चुकलं होतं. ते कसं चुकलं, आणि एवढं का उरलं, हे जिनं शोधलं तीच सांगेल. मिस द्वारका खरात.”

आणि त्या खाली उतरून माझ्या रिकाम्या खुर्चीत बसल्या. रिकामी म्हणजे, मी उठले होते हे मला तेव्हा कळलं.

माझ्याकडे ना कागद, ना तयारी. खडू होता आणि फळा होता. पहिली दोन वाक्यं माझी मलाच ऐकू आली नाहीत. मग मी फळ्यावर शिशाचा पत्रा काढला, पुढं डबे काढले, मागं डबे काढले, आणि कशी कोण जाणे, गाडी रुळावर आली. डब्यांची अदलाबदल सांगितली तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी “वा!” म्हणालं.

डॉ. केंकरे उठले. “हे उरलेलं टेकाडही आणखी कशानं तरी आलेलं नसेल कशावरून?”

“सांडलेलं असतं तर मागं आलं नसतं, सर,” मी म्हणाले. “आणि धक्काबुक्कीतून आलेलं असतं तर इतकं वेगवान नसतं. शिवाय हे टेकाड नुसतं एक नाही. जवळून बघितलं तर त्यात दोन खांदे आहेत. न्यूट्रॉन शिशातल्या ज्या जागा सोडून निघाला, त्या जागांच्या ऊर्जेशी ते खांदे जुळतात.”

“म्हणजे माझं शून्य?”

“शून्य नाही, सर.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग माझ्या खुर्चीत बसलेल्या बाईंकडे वळून चक्क मराठीत म्हणाले, “अहो देवस्थळी, तुम्ही चुकलात हे ऐकायला मी इतकी वर्षं थांबलो. आणि ऐकायला मिळालं त्याच दिवशी मलाही चुकीचं ठरवलंत? आनंद म्हणून करू देत नाही तुम्ही माणसाला!”

“मी कुठे ठरवलं?” बाई म्हणाल्या. “तिला विचारा.”

ज्यांना मराठी कळत नव्हतं तेही हसले. जेवणाच्या सुट्टीत केंकऱ्यांनी बाईंना स्वतः रसगुल्ले वाढले, आणि दोघं एकाच ताटातून खाताखाता माझ्याबद्दल मी तिथं नसल्यासारखे बोलत राहिले. “कुठून मिळवलीत ही?” “ती आली. मी नाही मिळवली.” “भांडकुदळ दिसते.” “परवापासून. त्याआधी तोंड उघडायची नाही.” परिमल लांबून मला दोन्ही अंगठे दाखवत होता.

परतीच्या दिवशी दुपारची गीतांजली एक्सप्रेस पकडायला आम्ही हावड्याला आलो. वेळ होता. प्लॅटफॉर्मवर ट्रंका ठेवून त्यांच्यावर बसलो, मातीच्या भांड्यांतून चहा घेतला. मग मला राहवेना.

“बाई, त्या दिवशी पडद्यासमोर तुम्ही हसलात का? मी घाबरले होते.”

बाईंनी चहाचा घोट घेतला. “पहिल्यांदा तो उंचवटा दिसला ना, तेव्हाच मला मागे डबे ठेवायचे होते. बीम संपला. पुन्हा मिळायला वर्षं गेली. तोवर पुस्तकात छापून आला. मग मी जो भेटेल त्याला सांगायची, अरे, यात खोट काढा काहीतरी. तर म्हणायचे, नाही बाई, छान आहे. केंकरे भांडायचे, पण त्यांना सगळंच शून्य हवं होतं. ते कधी मागे जाऊन बघायला सांगायचे नाहीत.”

“मग तुम्ही स्वतः का नाही ठेवले? आणि मी म्हटलं तर इतकं ओरडलात का?”

“स्वतः ठेवायचे तर भीती वाटायची,” बाई सरळ म्हणाल्या. “आणि ओरडले, कारण तू ओरडण्याला पुरतेस की नाही ते बघायचं होतं. इतकी वर्षं, द्वारके, माझ्याशी कुणी भांडलं नव्हतं गं. विभागात मी बोलले की सगळे वहीत उतरवून घ्यायचे. काय कंटाळा आला होता मला बरोबर असण्याचा!”

मी डोळे पुसत पुसत हसायला लागले. बाईंना ते असलं काही आवडायचं नाही. त्यांनी रिकामं भांडं तिथल्या रिवाजाप्रमाणे खाली आपटून फोडलं आणि पर्समधून खडू काढला.

“ते राहू दे. तुझे ते दोन खांदे. डावा खांदा उजव्यापेक्षा मोठा का?”

“कारण त्या जागेवर न्यूट्रॉन जास्त आहेत, बाई.”

“जास्त असून काय उपयोग? गाभ्यातून बाहेर पडताना ऊर्जेची भिंत ओलांडावी लागते ना? तिथून निघणाऱ्याला भिंत उंच आहे.” त्यांनी ट्रंकेच्या पत्र्यावर भिंत काढली.

“इतकी उंच नाही!” मी त्यांच्या हातातून खडू घेतला आणि भिंत पुसून खाली काढली.

“आकडा सांग.”

“तुम्ही सांगा. भिंत तुमची आहे.”

“माझी? परवा तूच वेग मोजून आणलास ना?”

हमाल दोनदा येऊन विचारून गेला. आम्ही दोनदा त्याला थांब म्हटलं. ट्रंकेची एक बाजू भरली तेव्हा ती उलटी करून दुसऱ्या बाजूवर मांडणी सुरू केली. भोवती चार-पाच बघे जमले होते. एका बाईनं कडेवरच्या पोराला आमच्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं. लाउडस्पीकरवर बंगालीत घोषणा झाली, मग हिंदीत झाली. मी बाईंची भिंत तिसऱ्यांदा खाली आणत होते, तेव्हा डोळ्यांच्या कोपऱ्यातून काहीतरी सरकताना दिसलं.

“बाई! गाडी! अहो बाई, आपली गाडी चालली!”

बाईंनी मानसुद्धा वळवली नाही. माझं मनगट धरून त्यांनी खडू पुन्हा ट्रंकेवर टेकवला.

“जाऊ दे ती. तू आधी मला पटवून दे.”